कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी क्रेडिट कार्डाचा वापर आणि सिबिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे ओळखीचे लोक आणि त्यांच्या ओळखीचे लोक मला सतत प्रश्न पाठवतात. जालन्याच्या मोंढ्यातील दुकानदार, वाळूजच्या कारखान्यात काम करणारे, मुलाला लातूरला शिकवणीसाठी ठेवलेले पालक आणि परभणी-हिंगोलीकडील शेतकरी असे सगळे त्यांत असतात. दसरा-दिवाळीच्या आधी आणि जूनमध्ये हे प्रश्न वाढतात, कारण गाडी, घर आणि ट्रॅक्टर यांचे अर्ज तेव्हाच होतात. नियमितपणे बिल भरणाऱ्या माणसाचा अर्ज केवळ कार्डावरच्या एका आकड्यामुळे अडलेला मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

१. कार्डाच्या वापराचे प्रमाण म्हणजे नेमके काय?

कार्डावर बँकेने दिलेल्या मर्यादेपैकी किती रक्कम सध्या तुमच्याकडून येणे आहे, त्याची टक्केवारी म्हणजे वापराचे प्रमाण. मर्यादा ८०,००० रुपये असेल आणि येणे २०,००० असेल, तर प्रमाण २५ टक्के होते. एकापेक्षा जास्त कार्डे असतील तर सर्वांची मिळून टक्केवारी पाहिली जाते आणि प्रत्येक कार्डाची स्वतंत्रही पाहिली जाते. त्यामुळे एक कार्ड काठोकाठ भरलेले आणि दुसरे रिकामे असेल, तर एकूण प्रमाण ठीक दिसूनही ते भरलेले कार्ड नजरेत येते. डेबिट कार्डाचा येथे काहीही संबंध नाही, कारण तो तुमच्याच खात्यातील पैसा असतो.

२. सिबिल म्हणजेच क्रेडिट स्कोअर का? आणि तो सारखा तपासल्याने कमी होतो का?

सिबिल हे लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची माहिती ठेवणाऱ्या एका संस्थेचे, म्हणजे पतमाहिती संस्थेचे, नाव आहे; त्या माहितीचा अहवाल आणि त्यावरून काढलेला गुणांक, म्हणजे क्रेडिट स्कोअर, पाहून बँका कर्ज देतात. आपल्याकडे ते स्कोअरचेच नाव होऊन बसले आहे. भारतात अशा चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांचे कामकाज २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चालते आणि सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० या टप्प्यात असतो. तुम्ही स्वतः अहवाल पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. तुमच्या अर्जावरून बँकेने केलेली चौकशी मात्र नोंदली जाते. प्रत्येक संस्थेने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम जानेवारी २०१७ पासून लागू आहे. चार संस्थांचे अहवाल तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मागवले, तर पैसे न देता वर्षभर लक्ष ठेवता येते.

३. मी दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, आजपर्यंत एक रुपयाही व्याज दिलेले नाही. तरीही स्कोअर का घसरला?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा येतो, आणि तो विचारणारी माणसे खरोखरच शिस्तीची असतात. वाळूजच्या एका कामगाराचे उदाहरण घ्या. त्यांच्या कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये. किराणा, पेट्रोल, विमा आणि मुलीची शाळेची फी असे सगळे ते कार्डावरच करतात. बिल १८ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७ असते. ५ तारखेला ते सगळी रक्कम भरून टाकतात. त्यांच्या दृष्टीने व्यवहार तेथे संपतो.

आता त्यांच्या अहवालातील या कार्डाचे पान पाहा. उशिराचे दिवस दाखवणाऱ्या चौकटीत प्रत्येक महिन्यासमोर शून्य आहे, म्हणजे एकही बिल थकलेले नाही. त्याच पानावर वर लिहिले आहे: सध्याची शिल्लक ४१,३००, मर्यादा ५०,०००. म्हणजे वापर ८२ टक्क्यांच्याही वर. बँकेने माहिती पाठवली ती बिल निघाल्यानंतर आणि पैसे भरण्याआधीच्या दिवसांत, त्यामुळे ५ तारखेला भरलेले पैसे त्या आकड्यात आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा नवा खर्च, नवे बिल आणि पुन्हा तसाच मोठा आकडा. अहवाल वाचणाऱ्याला हा माणूस वर्षभर कार्डाच्या कडेवर उभा असलेला दिसतो, जरी त्याच्या डोक्यावर प्रत्यक्षात एका पैशाचेही कर्ज नसले तरी.

वेळेवर भरणे आणि कमी शिल्लक दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि स्कोअरमध्ये त्या वेगळ्या मोजल्या जातात. पहिली तुमच्या सवयीची आहे, दुसरी तारखेची. तारखेचे गणित प्रश्न ५ मध्ये दिले आहे.

४. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असे सगळे सांगतात. हा नियम आहे का?

कायद्यात किंवा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत असा आकडा नाही. तो व्यवहारातून आलेला ठोकताळा आहे आणि ठोकताळा म्हणून चांगला आहे. २९ टक्क्यांवर स्कोअर चांगला आणि ३१ वर एकदम वाईट, अशी भिंत तेथे नसते; प्रमाण जसे वाढते तसा परिणाम वाढत जातो आणि कार्ड जवळपास भरले की तो ठळकपणे जाणवतो. माझा स्वतःचा सल्ला असा आहे की एरवी ३० च्या आत असावे, आणि गृहकर्जासारखा मोठा अर्ज डोळ्यांसमोर असेल तर त्याआधीचे दोन महिने १० च्या आसपास आणावे. घरखर्चच तेवढा असेल तर काही खर्च त्या काळापुरता रोखीने किंवा डेबिट कार्डाने करावा. खर्च कमी करण्याची गरज नसते, तो कार्डावरून उतरवण्याची असते.

५. अर्जाच्या किती दिवस आधी कार्ड मोकळे करावे?

किमान तीन आठवडे आधी. निवांतपणे करायचे असेल तर सहा आठवडे आधी. याचे कारण माहिती पोहोचण्याच्या साखळीत आहे. पूर्वी बँका महिन्यातून एकदा माहिती पाठवत असत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२४ च्या सूचनेनुसार १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची, पाठवणे बंधनकारक झाले. पंधरवडा संपल्यावर बँकेला सात दिवस आणि माहिती मिळाल्यावर ती नोंदवून घ्यायला पतमाहिती संस्थेला पाच दिवस, अशी ती मुदत ठरवली गेली.

समजा, तुम्हाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडीच्या कर्जासाठी अर्ज करायचा आहे. १२ नोव्हेंबरपर्यंत कार्डावरचे पैसे भरले आणि ते १४ पर्यंत जमा झाले, तर १५ तारखेच्या आकड्यात शिल्लक कमी दिसेल आणि साधारण २७ नोव्हेंबरपर्यंत ती अहवालात उतरलेली असेल. हेच पैसे १७ तारखेला भरले, तर महिनाअखेरच्या फेरीची वाट पाहावी लागेल आणि अर्ज १२ डिसेंबरच्या पुढे ढकलावा लागेल. दोन-तीन दिवसांच्या दिरंगाईने पंधरा दिवस जातात. धनादेशाने भरणार असाल तर तो वटण्याचे दिवसही हिशेबात धरावेत.

येथे एक बारकावा आहे. काही बँका त्या दिवशीची प्रत्यक्ष शिल्लक कळवतात, तर काही शेवटच्या बिलावरचा आकडा कळवतात. तुमची बँक काय करते हे घरबसल्या ओळखता येते. अहवाल उघडा, त्या कार्डासमोर ‘माहिती कळवल्याची तारीख’ आणि शिल्लक लिहून घ्या आणि शेजारी गेल्या दोन महिन्यांची बिले ठेवा. आकडा बिलाशी रुपयागणिक जुळला, तर तुमच्या बाबतीत बिलाची तारीखच महत्त्वाची आहे आणि पैसे बिल निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी भरले पाहिजेत. जुळला नाही, तर १५ तारीख आणि महिनाअखेर सांभाळावी. काहीच कळले नाही, तर दोन्ही सांभाळावे.

पगाराची तारीख आणि बिलाची तारीख यांचा मेळ बसत नसेल, तर बिलाची तारीख बदलून मागता येते. असा बदल किमान एकदा करण्याची सोय देणे कार्ड देणाऱ्या बँकांना बंधनकारक आहे.

६. बिल निघण्याआधीच पैसे भरले, तर बिनव्याजी मुदतीचा फायदा वाया जात नाही का?

जातो, पण अर्जापूर्वीच्या एक-दोन महिन्यांपुरताच. एरवी मुदत पूर्ण वापरावी. मात्र एक चूक होताना मी पाहिली आहे. आगाऊ पैसे भरून निर्धास्त झालेला माणूस नंतर निघालेले बिल उघडतच नाही. आगाऊ भरल्यानंतर पेट्रोलचे आठशे रुपये खर्च झालेले असतात, त्यांचे बिल निघते आणि ते थकते. आधी भरलेली रक्कम त्या नव्या बिलाची किमान रक्कम म्हणून धरली जात नाही. कमी वापर दाखवण्याच्या प्रयत्नात उशिराची नोंद पदरात पडणे हे फार मोठे नुकसान आहे (प्रश्न १३ पाहावा).

७. न वापरलेले जुने कार्ड अर्जापूर्वी बंद करू का? घरचे म्हणतात, कार्डे कमी असलेली बरी.

अर्जापूर्वी तरी बंद करू नका. तुमच्याकडे ५०,००० आणि १,००,००० अशा मर्यादेची दोन कार्डे आहेत आणि महिन्याचा खर्च ३६,००० आहे, असे समजा. आज एकूण प्रमाण २४ टक्के आहे. मोठ्या मर्यादेचे कार्ड बंद करताच तेच ३६,००० रुपये ७२ टक्के होतात. खर्च तोच, माणूस तोच, पण अहवाल वेगळेच सांगू लागतो.

वार्षिक शुल्क फार असेल किंवा कार्ड हाताशी असले की खर्च आवरत नसेल, तर ते जरूर बंद करावे. पण कर्ज मंजूर होऊन रक्कम मिळाल्यानंतर. बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असते, आणि कार्डावर काही येणे नसताना विलंब झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. वर्षभर अजिबात न वापरलेले कार्ड बँक तुम्हाला कळवून स्वतःहून बंद करू शकते, म्हणून राखून ठेवलेल्या कार्डावर दोन-तीन महिन्यांतून एखादा मोबाइल रिचार्ज करत राहावा.

८. मर्यादा वाढवून घेतली तर प्रमाण आपोआप कमी होईल ना?

होईल, खर्च तेवढाच राहिला तर. बँक तुमच्या संमतीशिवाय मर्यादा वाढवू शकत नाही. तिने स्वतःहून देऊ केलेली वाढ स्वीकारण्यास हरकत नाही. तुम्ही स्वतः मागितली तर नवी चौकशी नोंदली जाऊ शकते, म्हणून ती अर्जाच्या तोंडावर मागू नये.

९. दिवाळीला फ्रीज हप्त्यांवर घेतला. हप्ता फक्त २,५०० रुपयांचा आहे, तरी वापर जास्त का दिसतो?

कारण कार्डावरच्या हप्त्यांत फ्रीजची संपूर्ण उरलेली किंमत मर्यादेतून अडकून राहते. ३०,००० रुपयांचा फ्रीज बारा हप्त्यांवर घेतला आणि मर्यादा ६०,००० असेल, तर पहिल्या दिवशीच अर्धे कार्ड गेलेले असते. ते दर महिन्याला २,५०० रुपयांनी सुटत जाते. बिनव्याजी हप्ता असला तरी यात फरक पडत नाही. घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी अर्ज करायचा असेल त्या वर्षी अशी मोठी खरेदी कार्डाच्या हप्त्यांवर न करणे चांगले. आधीच केली असेल, तर मुदतपूर्व बंद करण्याचे शुल्क विचारून पाहावे. शुल्क मामुली असेल आणि हाताशी पैसे असतील, तर अर्जाच्या दीड महिना आधी ती रक्कम मिटवून टाकावी.

१०. मुलगा लातूरला शिकायला आहे, त्याला माझ्या कार्डाचे पुरवणी कार्ड दिले आहे. त्याचा खर्च कोणाच्या नावावर दिसतो?

तुमच्या. पुरवणी कार्डाला वेगळी मर्यादा नसते, ती तुमच्याच मर्यादेतून जाते आणि बिल भरण्याची जबाबदारीही तुमचीच असते. जूनमध्ये शिकवणीची फी, खोलीचे भाडे आणि खानावळीचे आगाऊ पैसे एकदम जातात; त्याच महिन्यात तुमचा कर्जाचा अर्ज असेल, तर फी बँक खात्यातून भरावी.

११. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाचा खर्च मोजला जातो का?

होय. दुकानातील क्यूआर कोडवर पैसे गेले तरी ते क्रेडिट कार्डावरचेच येणे आहे. चहापासून भाजीपर्यंतच्या लहान रकमा लक्षात राहत नाहीत, म्हणून अशा कार्डाची शिल्लक आठवड्यातून एकदा पाहावी.

१२. मी शेतकरी आहे. किसान क्रेडिट कार्ड दरवर्षी पेरणीच्या आधी पूर्ण उचलतो. म्हणजे माझा वापर १०० टक्के धरला जातो का?

मराठवाड्यातून येणाऱ्या प्रश्नांत हा फार महत्त्वाचा आहे आणि यातला गैरसमज दूर झालाच पाहिजे. नावात ‘क्रेडिट कार्ड’ असले तरी १९९८ पासून चालत आलेले किसान क्रेडिट कार्ड हे मुळात पीककर्ज आहे. त्याची मर्यादा पीक, क्षेत्र आणि त्या पिकासाठी ठरलेला एकरी किंवा हेक्टरी कर्जदर यांवरून निघते, आणि ती बी-बियाणे, खते आणि मशागतीसाठी हंगामाच्या सुरुवातीला उचलली जावी अशीच योजना आहे. अहवालात त्याची नोंद वेगळ्या प्रकारचे खाते म्हणून होते. जूनमध्ये सोयाबीन-कापसासाठी पूर्ण रक्कम उचलली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि प्रमाण कमी दिसावे म्हणून खासगी सावकाराकडे जाऊन पीककर्ज अर्धेच उचलणे तर अजिबात करू नये.

या खात्यात पाहिले जाते ते परतफेडीकडे. मुदतीत नवे-जुने केले, म्हणजे मुद्दल आणि व्याज भरून पुन्हा उचल केली, तर खाते नियमित राहते आणि ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर ७ टक्के व्याजात ३ टक्क्यांची सवलत मिळून ते ४ टक्क्यांवर येते. मुदत टळली तर सवलतही जाते आणि अहवालात थकबाकीही चढते. अल्पमुदतीच्या पिकांचे कर्ज मुदतीनंतर दोन हंगाम थकले की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते, पण थकीत असल्याची नोंद त्याच्या बरीच आधी दिसू लागते. त्यामुळे ट्रॅक्टरसाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याला मी एवढेच सांगतो: सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर आधी नवे-जुने करा, खात्याचा उतारा घ्या, आणि मग अर्ज करा.

याच शेतकऱ्याकडे दुसरे साधे क्रेडिट कार्डही असेल, तर त्या कार्डाला वरचे सगळे प्रश्न तसेच लागू होतात.

१३. वडिलांच्या दवाखान्यासाठी आठ महिन्यांपूर्वी कार्ड पूर्ण वापरले होते. आता फेडले आहे. त्याचा डाग कायम राहील का?

नाही. वापराचे प्रमाण मुख्यतः ताज्या आकड्यावर ठरते. शिल्लक उतरली आणि ती अहवालात पोहोचली की स्कोअर सावरतो. काही स्कोअर-पद्धती मागील महिन्यांतील शिल्लक चढती होती की उतरती हेही पाहतात, पण तेथेही फेडत आणलेले कार्ड तुमच्याच बाजूने बोलते. याउलट, त्या काळात एखादे बिल चुकले असेल तर ती गोष्ट वेगळी. उशिराची नोंद सिबिलच्या अहवालात ३६ महिन्यांपर्यंत महिनावार दिसते. म्हणून अडचणीच्या वेळी कार्ड पूर्ण वापरले तरी हरकत नाही, पण किमान रक्कम तरी ठरलेल्या तारखेला गेलीच पाहिजे. किमान रक्कम भरल्याने व्याज थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

१४. मग कार्ड वापरूच नये का? शून्य वापर सर्वात चांगला नाही का?

शून्य शिल्लक वाईट नाही, पण महिनोन्‌महिने काहीच वापर नसेल तर तुम्ही उधारी कशी सांभाळता याचा पुरावाही तयार होत नाही. थोडा वापर आणि पूर्ण परतफेड याहून चांगले काही नाही.

१५. माझ्याकडे आधी काहीच कर्ज नव्हते, म्हणून मुदत ठेवीवर कार्ड घेतले. तरी स्कोअर का वाढत नाही?

मुदत ठेवीवरचे कार्ड ही नव्या माणसासाठी उत्तम सुरुवात आहे, पण त्याची मर्यादा लहान असते. २०,००० च्या ठेवीवर १८,००० ची मर्यादा मिळाली, तर महिन्याच्या ९,००० रुपयांच्या किराण्यानेच निम्मे कार्ड भरते. अशा कार्डावर फक्त वीजबिल किंवा मोबाइल ठेवा आणि सहा महिने धीर धरा.

१६. स्कोअर चांगला आहे आणि थकबाकी नाही, तरी बँकेने मागितले त्यापेक्षा कमी गृहकर्ज मंजूर केले. कार्डाचा संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि हा संबंध स्कोअरच्या बाहेरचा आहे. तुमच्या पगारातून किती हप्ता झेपेल हे ठरवताना अनेक बँका कार्डावरच्या येणे रकमेच्या सुमारे ५ टक्के रक्कम दरमहाचा हप्ता म्हणून धरतात. कार्डावर ८०,००० दिसत असतील, तर ४,००० रुपयांचा हप्ता आधीच चालू आहे असे समजले जाते आणि तेवढ्या हप्त्याचे गृहकर्ज कमी होते. वीस वर्षांच्या कर्जात ही रक्कम काही लाखांत जाते. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांचा दर रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) बाह्य दराशी जोडलेला आहे आणि त्यावरची वाढ ठरवताना अनेक बँका स्कोअरचे टप्पे वापरतात. अर्ज आधीच झाला असेल, तर कार्ड फेडून बँकेचे ‘येणे बाकी नाही’ असे पत्र किंवा ताजे बिल शाखेत द्यावे आणि फेरविचाराची लेखी विनंती करावी.

१७. अहवालात मर्यादा किंवा शिल्लकच चुकीची असेल तर?

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडले आहे. कार्डाची मर्यादा १,२०,००० असताना अहवालात ती १२,००० आली होती. एक शून्य गळाले होते. माझी ९,००० रुपयांची शिल्लक साडेसात टक्क्यांऐवजी ७५ टक्के दिसत होती, आणि हे मला कळले ते मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करताना. बँकेच्या शाखेत तीन वेळा तोंडी सांगूनही काही झाले नाही. लेखी तक्रार केली, बिलाची प्रत जोडली आणि पतमाहिती संस्थेच्या संकेतस्थळावर वाद नोंदवला, तेव्हा दुरुस्ती झाली.

संस्था स्वतःहून आकडा बदलत नाही, ती बँकेकडून खातरजमा करून घेते. म्हणून तक्रार दोन्हीकडे करावी आणि दोन्ही तक्रार क्रमांक जपून ठेवावेत. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती संस्थाही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. या सगळ्याला दीड-दोन महिने सहज लागतात, त्यामुळे अहवाल प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या सहा आठवड्यांच्याही आधी, अर्जाचा विचार मनात येताच मागवावा.